ठाणेदाराच्या टेबलाचे पाय

बाबा, टेबलाबद्दल तुम्हाला विचारायचं आहे. तुम्ही ठाणेदारासाठी केलेलं टेबल. ते आता त्याला उंच पडतं. तो म्हातारा झाला, मागचे दोन्ही पाय गेल्या हिवाळ्यापासून नीट उचलत नाहीत, आणि त्याला वर चढवायचं तर टेबलाचे पाय करवतीनं कापून ते बुटकं करावं लागेल. तुमच्या हातच्या कामाला करवत लावावी की नाही, हे मला ठरवता येत नाही. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. शिवाय तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरात कोणताही कागद आला की तो मीच वाचून दाखवायची. म्हणजे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं असतं, तरी तेही मीच वाचलं असतं. तरी लिहिते. बोलायला गेले की माझं मागचं पुढं होतं, लिहिताना निदान खोडता येतं.

आई म्हणते, एवढ्याशा गोष्टीचा किती विचार करत बसतं ही पोरगी. पण तुम्हाला माहीत आहे, मी अशीच आहे. शाळेत जाताना दाराची कडी लावल्यावर अर्ध्या गल्लीतून परत येऊन ती ओढून पाहायची. तुम्ही ओट्यावर बसून हसायचात आणि म्हणायचात, "लागली हाय वं माय कडी. कडीनं सोताहून सांगतलं मले." मग मी जायची.

ठाणेदार घरी आला तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. ऐंशीचा हिवाळा, आंबिया बहराची संत्री निघालेली. स्टेशनजवळच्या लाकडाच्या टालीवर तुम्ही सकाळपासून सांजेपर्यंत उकिडवे बसून संत्र्याच्या पेट्या ठोकत होतात. सालईच्या खरबरीत फळ्या, चार खिळे इकडे, चार तिकडे, की झाली पेटी. त्याच दिवसांत सौसरच्या जंगल खात्यातल्या रेंजरसाहेबांची बदली झाली, आणि घरचं सामान बांधायला पेट्या हव्यात म्हणून त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं. दोन दिवसांनी संत्र्याच्या रिकाम्या ट्रकमधून तुम्ही परत आलात. मागच्या फळीवरून आधी तुम्ही उतरलात, आणि मग तुमच्या मागून एवढा मोठा, झिपरा, काळा-पिवळा कुत्रा. आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"माय वं! हे कुत्रं होय का वासरू?"

"साहेबाची अमानत हाय," तुम्ही म्हणालात. "बस्तरात बदली झाली त्यायची. तिकडं घर नाही अजून. घर भेटेपर्यंत ठेवतो म्हनलं. जबान देल्ली."

"जबान तुमी देल्ली, अन् भाकरी मी थापू?"

 तेवढ्यात कुत्रा सरळ जाऊन आपल्या घराच्या दारात आडवा बसला आणि गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असा पाहायला लागला, की जणू प्रत्येकाचं नाव-गाव लिहून घेणार आहे. तुम्ही म्हणालात, "पाह्य, ठाणेदार बसला." साहेबांनी ठेवलेलं त्याचं इंग्रजी नाव आपल्यापैकी कोणालाच धड म्हणता येत नव्हतं, म्हणून तेच नाव राहिलं. आईनं त्या दिवशी तुम्हाला दटावलं, "हळू बोला, खरा ऐकन." पण संध्याकाळी एक भाकर जास्तीची थापली. मी मोजली होती.

रेंजरसाहेबांच्या बाईंनी त्याच्यासोबत एक लोखंडी दातांचा कंगवा आणि हिंदीत लिहिलेला एक कागद दिला होता. दर इतवारी अंगभर कंगवा फिरवायचा, केसांचा गुंता होऊ द्यायचा नाही, कान उलटून पाहायचे, पायांच्या बोटांमध्ये गोचीड बसतात ते शोधून काढायचे, नाही तर त्याला ताप येतो. तो कागद तुम्ही माझ्याकडून दोनदा वाचून घेतलात. मग म्हणालात, "हे काम तुह्यं. तुले वाचता येते." आपल्या घरात तोवर शाळेत गेलेलं कोणी नव्हतं, मी नववीत होते, आणि मला वाचता येतं म्हणून मिळालेलं ते पहिलं काम. मी तो कागद वहीत उतरवून घेतला आणि दर इतवारी एकेका ओळीपुढे खूण करायला लागले.

अंगणात जमिनीवर ते काम कसं व्हायचं, तुम्हाला आठवत असेल. मी उकिडवी बसले की ठाणेदार आडवा व्हायचा, पोट वर करायचा, कंगव्यावरच लोळायचा. एक कान झाला की दुसरा कान खाली दाबून ठेवायचा. तुम्ही धरायला यायचात, पण सहा दिवस पेट्या ठोकून तुमची कंबर धरलेली असायची. वाकलात की उठताना भिंतीला हात लावावा लागायचा. मला वाटायचं की माझ्याकडून एखादा गोचीड राहिला, आणि साहेबांचा कुत्रा तापानं गेला तर तुमच्या शब्दाचं काय. मी पुन्हा पहिल्या कानापासून सुरू करायची. दुपार व्हायची.

एका इतवारी तुम्ही ओट्यावरून बराच वेळ आमच्याकडे पाहत बसलात आणि म्हणालात, "बैलाले दवाखान्यात खोड्यात उभं करते. घोड्याले नाल ठोकतानी उभं करते. मंग ह्या ठाणेदारासाठी आपनच कायले वाकाव? यालेच वर घेऊ."

बंद पडलेल्या जिनिंगमधून मोडीत निघालेली एक सागवानी तुळई तुम्ही कधीची आणून ठेवली होती, माझ्या लग्नात कपाट करायचं म्हणून. ती तुम्ही काढलीत. मला उभं केलंत आणि जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत दोरी धरून तिला गाठ मारलीत, मग त्या गाठीच्या खाली चार बोटं मोजून दुसरी गाठ. मी म्हटलं, "बाबा, माप कुत्र्याचं घ्यायचं ना?" तुम्ही म्हणालात, "लांबी-रुंदी त्याची. उंची तुही. कंबर तुही वाचवाची हाय." चढायला दोन पायऱ्या पेटीच्याच फळ्यांच्या, पण टेबल सगळं सागाचं. टालीवरून आल्यावर रोज उजेड असेपर्यंत तुम्ही रंधा मारत होतात. भुसा अंगणभर. जन्मभर तुम्ही जे बनवलं ते दिल्लीच्या मंडईत पोचलं की फोडून चुलीत जायचं. हे मात्र कोणी फोडणार नव्हतं. पंधरा दिवस तुम्ही ती फळी घासत होतात, जुन्या सुती कापडानं अळशीचं तेल तिच्यात मुरवत होतात. शेवटी ती इतकी गुळगुळीत झाली, की तिच्यावर ठेवलेली पेन्सिल माझ्या फुंकरीनं घरंगळली.

पहिल्या इतवारी गल्ली जमली. टालीचे मुनीमजी खास पाहायला आले होते. त्यांनी फळीवरून हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणाले, "वा मिस्त्री! सारी उमर पेट्या ठोकल्या, अन् पहिलं टेबल बनोलं तेही कुत्र्यासाठी!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. "मुनीमजी, मानसाचे टेबल तं कोनीही बनवते," तुम्ही म्हणालात. "हात फिरवून पाहा. पुन्यांदा फिरवा." तुमचा तो चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही फार वेळा पाहिला नाही.

मी ठाणेदाराला भाकरीचा तुकडा दाखवत पायऱ्यांवरून वर चढवलं. आणि त्याच क्षणी मला दिसलं. त्याचे पंजे फाकले. नखं फळीवर टक-टक करत सरकत होती, पकड घ्यायला त्यांना काहीच मिळत नव्हतं. तो चार पायांवर उभा होता, पण पोटाची कातडी थरथरत होती. तुमचं लक्ष मुनीमजींकडे होतं. मी त्याच्या पोटाखालून एक हात घातला, त्याला माझ्या अंगाशी घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं कंगवा फिरवत राहिले. खाली उतरवल्यावर तुम्ही विचारलंत, "कसं हाय?" मी म्हटलं, "छान झालं बाबा. कंबर नाही दुखली."

ते खोटं नव्हतं. कंबर खरंच दुखली नव्हती. पण जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही. तो आठवडाभर मी शाळेत बसून त्याचाच विचार करत होते. सांगावं, तर तुम्ही पंधरा दिवस जी फळी गुळगुळीत केली तिचा गुळगुळीतपणाच चुकला असं सांगायचं. पेट्यांची सालईची खरबरीत फळी असती तर त्याचे पाय सरकले नसते. तुम्ही जीव ओतलात म्हणूनच ती कामाची राहिली नव्हती. हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? मी ठरवलं, आपण हात सोडायचा नाही, म्हणजे झालं. दुसऱ्या इतवारी नाही सोडला. तिसऱ्या इतवारी कानातून मोठा टपोरा गोचीड निघाला आणि तो टाकायला रॉकेलचा डबा पायरीवर राहिलेला. मी डब्यासाठी वाकले. पोटाखालचा हात निघाला. तेवढ्यात समोरून शेळ्या गेल्या, ठाणेदार वळला, आणि त्याचे मागचे पाय काचेवरून सरकावेत तसे कडेवरून गेले. एक पाय पायरीच्या फटीत अडकला आणि सगळं वजन त्या पायावर आलं. तो आवाज मला लिहिता येणार नाही.

तुम्ही शेजारच्यांचा हातगाडा आणलात. गुरांच्या दवाखान्यापर्यंत मी गाड्यासोबत त्याचं डोकं धरून धावत होते. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, सांध्याची शीर तुटली आहे. महिनाभर हालू देऊ नका, पण पुढं थोडा लंगडेल. तुम्ही त्यांना एवढंच विचारलंत, "साहेब आल्यावर त्याईले दिसन का?" डॉक्टर म्हणाले, "दिसेगा ना मिस्त्री. चलेगा तो दिसेगा."

त्या संध्याकाळी चुलीपुढे तुम्ही जेवायला बसला होतात. आईनं पिठलं वाढलं होतं. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडून हातात धरून ठेवला होता आणि म्हणत होतात, "फळी तं कशी बराबर होती. पातळीतही होती. पडला कसा हा?" तुम्ही ते तीनदा म्हणालात. तिसऱ्यांदा मला ऐकवेना.

"बाबा, मले पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"काय?"

"त्याचे पाय सरकून राहिले होते. फळी लय गुळगुळीत झाली."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "पहिल्या दिवशी? मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुमाले वाईट वाटन म्हनून."

तुम्ही तुकडा ताटात ठेवलात. मला वाटलं, तुम्ही ओरडाल. तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, त्या दिवशी उगारलात तर बरं होईल असंही वाटलं. पण तुमचा आवाज उलट खाली गेला. "माह्या वाईट वाटन्याची रखवाली कोनं सांगतली तुले? तुह्या रखवालीत तो होता." मग म्हणालात, "मले लिवता-वाचता येत नाही. मले जे दिसत नाही ते तुनं पाहाव अन् मले सांगाव, म्हनून तं तुले शाळेत धाडलं. तुले दिसते अन् तू गप राहत, तं मंग तू अन् मी सारखेच. कायले शिकली?"

आई म्हणाली, "जेवू तं द्या पोरीले." तुम्ही म्हणालात, "जेवू दे. मी कोठं ना म्हनतो." आणि माझ्या ताटात तुमच्या ताटातली मिरची ठेवलीत, कारण मला तळलेली मिरची आवडायची. तुम्ही जे बोललात त्यातला एक शब्दही त्या मिरचीनं मऊ झाला नाही. मला तो राग आणि ती मिरची दोन्ही आजपर्यंत पुरली आहेत.

सकाळी मी उठले ती ठक-ठक आवाजानं. अंगणात तुम्ही टेबलासमोर उभे, हातात हातोडी आणि पटाशी, आणि त्या आरशासारख्या फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या चिरा पाडत होतात. तेल मुरलेल्या लाकडाच्या बारीक ढलप्या उडत होत्या. मी दारातच रडायला लागले. तुम्ही वर न पाहता म्हणालात, "रडाचं असन तं आत रड. हातभार लावाचा असन तं इकडे ये." मी आले. तुम्ही माझ्या हातात पटाशी दिलीत, धार कोणत्या बाजूला ठेवायची, अंगठा कुठं, हातोडी कशी सोडायची ते दाखवलंत. त्याआधी तुमच्या हत्यारांना मला हात लावू देत नव्हतात. धार बोथट होते म्हणायचात. अर्ध्या चिरा तुमच्या आहेत, अर्ध्या माझ्या. तुमच्या दोरी धरल्यासारख्या सरळ, माझ्या जागोजागी वाकड्या. मी म्हटलं, "बाबा, खराब झालं माह्याच्यानं." तुम्ही म्हणालात, "त्याचे पाय ठरले म्हनजे झालं. सरळ-वाकडं तो नाही पाहत."

महिन्याभरानं ठाणेदार उठला. त्याला पुन्हा टेबलावर न्यायचं म्हणजे आधी त्याची भीती घालवायची होती. तुम्ही सांगितलंत, आठ दिवस कंगवा दाखवायचाच नाही. फक्त त्याची भाकर टेबलावर ठेवायची. पहिले दोन दिवस तो खालूनच पाहत राहिला आणि उपाशी राहिला. आई चिडून म्हणाली, "कुत्र्याले टेबलावर वाढून राहिले, अन् मी इथं चुलीपाशी जमिनीवर जेवतो!" तिसऱ्या दिवशी त्यानं पुढचे दोन पाय पायरीवर ठेवले, पाचव्या दिवशी लंगडत वर चढला आणि चिरांवर पंजे रोवून उभा राहिला. पोट थरथरत नव्हतं. तुम्ही लांबूनच विचारलंत, "बोल, काय दिसते तुले?" मी खाली बसून चारही पंजे पाहिले, आणि मग म्हटलं, "मागचा डावा अजून थोडा सरकते." तुम्ही पटाशी घेऊन आलात.

रेंजरसाहेब जीप घेऊन आले ते उन्हाळा लागताना. ठाणेदार त्यांच्या अंगावर झेपावला, मग त्यांच्याभोवती फिरला, आणि त्यांना दिसलंच. "मिस्त्री, ये लंगड़ा कैसे हो गया?" तुम्ही हात जोडले नाहीत, सबबही सांगितली नाहीत. "साहेब, टेबल बनाया था उसके लिए. फळी चिकनी हो गयी. गिर गया. गलती मेरी."  मी आईच्या मागून पुढं आले आणि माझ्या शाळेतल्या हिंदीत म्हटलं, "साहब, मुझे पहले दिन से मालूम था. मैंने बताया नहीं." साहेबांनी तुमच्या-माझ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. ते रागावले होते, आणि त्यांचा राग बरोबर होता. "आप पर भरोसा किया था," एवढंच ते म्हणाले. चहा घेतला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, लंगड्या कुत्र्याला त्या जंगलात नेऊन काय करू, तिथं तो दोन दिवसही टिकणार नाही, आता तुम्हीच ठेवा. ठाणेदार जीपमागे चौकापर्यंत धावला आणि तीन पायांवर परत आला. तुम्ही ओट्यावर बसून होतात. तुमचा शब्द खाली पडला होता आणि कुत्रा आपल्याकडे राहिला होता. या दोन्हीचं काय करावं हे तुम्हाला कळत नव्हतं. तो येऊन तुमच्या पायावर डोकं ठेवून पडला तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "तू बोल्ली ते बरं केलं." मला आयुष्यात मिळालेली कोणतीच शाबासकी त्या जागेपर्यंत पोचली नाही.

पुढं दीड वर्षात तुम्ही गेलात. कावीळ डोळ्यांत दिसायला लागली तेव्हा मीच आधी पाहिली आणि त्याच दिवशी सांगितली, बाबा. उशीर झाला होता, पण मी उशीर केला नव्हता. हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

मी अकरावी केली, मग मास्तरकीचं ट्रेनिंग केलं. आता रामाकोन्याजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते आणि सौसरला भाड्याच्या दोन खोल्यांत आई, मी आणि ठाणेदार राहतो. सामान आणताना ट्रकवाला म्हणाला होता, बहनजी, हे टेबल फार जड आहे, राहू द्या. आईनं त्याला सांगितलं, "टेबल आधी चढव, मंग आमी चढतो." गेली काही वर्षं दर इतवारी सकाळी ते अंगणात असतं. गल्लीतले लोक गोचीड काढून घ्यायला आपापले कुत्रे घेऊन येतात; शेजारच्या कंपाउंडरसाहेबांचा जाडा कुत्रा तर आपणहून येऊन पायरीवर बसतो. शाळेत वर्गाच्या छताची एक बल्ली वाळवीनं पोकळ झाली होती, हेडमास्तरांनी नुकताच चुना मारून घेतला होता आणि इन्स्पेक्टरसाहेब कौतुक करत होते. त्यांच्यासमोर ते सांगितलं तर हेडमास्तरांना लागणार, हे मला दिसत होतं. तरी सांगितलं. हेडमास्तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण मुलं आता दुसऱ्या खोलीत बसतात.

आणि आता ठाणेदाराचं. त्याचा तो जुना दुखरा पाय आधी गेला, मग दुसरा. पायऱ्या त्याला चढवत नाहीत. मी आणि आई मिळून उचलायचो, पण आईची कंबर आता तुमच्यासारखी झाली. उताराची फळी लावून पाहिली. तिच्यावर पाय ठेवायलाच तो तयार नाही. मग मी पुन्हा जमिनीवर उकिडवी बसून पाहायला लागले. तो पूर्वीसारखाच कान दाबून लोळतो, माझ्याकडून राहून जातं. दोन आठवड्यांपूर्वी त्याला ताप आला. डॉक्टरांनी पंजाच्या बोटांतून तीन गोचीड काढून माझ्यासमोर धरले. म्हणाले, या वयात अजून एक ताप त्याला झेपणार नाही. इथल्या सुताराला विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, असा साग आता कोठं भेटते? कापू नका. मी बाभळीचं बुटकं करून देतो." त्याचं केलेलं पाहिलंही. ठाणेदारानं ते हुंगलं आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला. तो एकाच फळीवर पाय ठेवतो. पण ती फळी ज्या उंचीवर आहे, ती तुम्ही दोरीला गाठ मारून माझ्या कोपरावरून घेतली होती. ते माप मोडायचं. म्हणून तुम्हाला विचारायला बसले.

खरं लिहायचं तर, बाबा, विचारायचं काही उरलेलं नाही. पाय मी परवाच्या इतवारी कापले. तुमच्याच करवतीनं. आईनं टेबल उलटं करून धरलं होतं, आणि सारखी म्हणत होती, "हळू वं, हळू, साग हाय." पहिला पाय दीड सूत, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढा, कमी आला. बाकीचे त्याच्या बरोबरीला आणता आणता ठरवल्यापेक्षा बुटकं झालं. मला आता पाटावर बसून कंगवा फिरवावा लागतो. ठाणेदारानं पुढचे दोन पाय वर ठेवले, मागून मी थोडा टेकू दिला, आणि तो उभा राहिला. चारही पंजे पाहिले. सरकत नाहीत. डाव्या कानामागे दोन सापडले.

तुम्हाला सांगायचं राहिलं ते निराळंच आहे. मला वाटलं होतं, तुमच्या लाकडाला करवत लावताना मला रडू फुटेल. आदल्या दिवशी मी त्यासाठी रुमालसुद्धा जवळ ठेवला होता. पहिल्या पायाला करवत सारखी अडकत होती, दुसऱ्याला कमी. तिसऱ्या पायाला करवत सरळ चालायला लागली, ताजा सागाचा वास आला, भुसा माझ्या मांडीवर पडत होता, आणि बाबा, मला मजा येत होती. चौथा पाय संपला तेव्हा अजून एक असता तर बरं झालं असतं, असं वाटलं.